आईच्या मापाचा नव्हता तो रॉड
आज सकाळी खारून नदीच्या काठी आईची राख सावडताना तो रॉड हाताला लागला, काळा पडलेला पण शाबूत, आणि डोक्यात तीच जुनी तिडीक उठली. काही वर्षांपूर्वी आई न्हाणीत घसरली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन करून आत रॉड बसवला, पण उजव्या कुशीवर वळली की ती कळवळायची. स्पिरिटच्या वासाने भरलेल्या त्या खोलीत डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरला. रॉडचं टोक हाडाच्या वर निघालं होतं. “रॉड तो सही है,” ते म्हणाले, “गोरों की हड्डी देखकर बनते हैं ये. माताजी की हड्डी ही छोटी है.” म्हणजे चूक हाडाची! मी भडकून उठणार, तोच आई म्हणाली, “डॉक्टरसाहेब, ब्लाउज शिवाचा असला तरी आधी माप घेतात. हाड माझ्या अंगाच्या मापाचंच आहे. मोठा तुमचा रॉड आहे.” डॉक्टर हसले, या वयात पुन्हा ऑपरेशन नको म्हणाले, आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. आई शेवटपर्यंत उजव्या कुशीवर झोपली नाही. आज गुरुजी म्हणाले, अस्थींसोबत हाही नदीत सोडा. मी नाही सोडला. तिचा होता काहून तो?