आधी धार, मग दाढी

आमच्या वरच्या मजल्यावरचे काका निवृत्त झाले आणि पंचवटीच्या बाजारातून एक जुना वस्तरा घेऊन आले. तेव्हापासून जिन्यात भेटले की त्यांच्या तोंडी फक्त धारेचा विषय असे. "पातं दगडावर सपाट ठेवायचं बरं का. पाठ उचलली की धार गेलीच," असं सांगताना त्यांचा तळहात हवेतच मागेपुढे सरकत राही. धार आली का, हे ते स्वतःच्या हातावरचे केस कापून बघत. त्यामुळे त्यांचा डावा हात कोपरापर्यंत गुळगुळीत झाला होता.

द्वारका चौकाजवळ स्कूटरवरून पडून माझा उजवा हात प्लास्टरमध्ये गेला आणि दाढी वाढली. पुतणीच्या लग्नाच्या सकाळी काका वस्तरा घेऊन हजर!

"मी करतो. घाबरू नका."

मी घाबरलोच होतो, पण त्यांचा उत्साह बघून नाही म्हणवेना. एक गाल झाला. दुसऱ्या गालावर वस्तरा जरासा अडखळला आणि काका थांबले.

"ओढतोय. असा नाही फिरवणार मी तुमच्या गळ्यावर."

मला फेसातच बसवून ते वर गेले. दगडावरची खरखर खाली ऐकू येत राहिली. फेस वाळला. बायको दोनदा येऊन हसून गेली. परत आल्यावर काकांनी नवा फेस लावला आणि वस्तरा गळ्यावरून कधी फिरला, ते मला कळलंही नाही. कुठे ओरखडासुद्धा नव्हता.

काकांनी पातं पुसून मिटलं आणि ते मटकन खुर्चीत बसले.

"वहिनी, जरा पाणी द्या हो. पाय लटपटताहेत माझे."