टांगलेला माणूस

आमच्या कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत, काचेच्या कपाटात एक सांगाडा टांगलेला आहे. खरा, माणसाचा. बावीस वर्षं मी छडी लावून त्याची हाडं शिकवली. मुलं पेंगायला लागली की त्याच्या डोक्यावर माझी उन्हाची टोपी चढवून हसवलंसुद्धा. आता आठवलं की स्वतःचाच राग येतो.

प्रयोगशाळा सांभाळणारे मामा अक्कलकोटकडचे. दर सोमवारी कपाट पुसताना ते कवटीच्या कपाळाला विभूती लावायचे. एकदा मी पाहिलं आणि भडकले. "मामा, हाडं खराब होतात. पुसा ते."

त्यांनी पुसलं. "माणूस हाय की मॅडम," एवढंच म्हणाले. मीही त्यांच्यासारखीच लिंगायत, पण मला तो अडाणीपणा वाटला.

या वर्षी वडील गेले. आमच्यात मृताला बसवून पुरतात. भिंतीला टेकवून बसवलेल्या वडिलांच्या कपाळाला मी विभूती लावली. रुद्रभूमीत, आमच्या दफनभूमीत, खड्ड्यात त्यांना मांडी घालून बसवताना पाहिलं, आणि नेमकं तेव्हा मला ते कपाट आठवलं. त्यानंतर जे रडू फुटलं ते नक्की कुणासाठी, सांगता येत नाही.

कामावर परतले तर प्राचार्य म्हणाले, "तपासणी समिती येतेय. सांगाडा प्रवेशद्वाराशी ठेवा, वर दिवा लावा. मुलं सेल्फी काढतील."

"सर, मला हे जमणार नाही." कारणही सांगितलं. ते हसले नाहीत, हा त्यांचा भलेपणा.

"प्लॅस्टिकचा मागवू. पण मग हा कुठे द्यायचा, ते तुम्हीच सांगा."

तिथंच घोडं अडलं. जुन्या कागदांत 'मानवी सांगाडा, एक' एवढीच नोंद. कमरेच्या हाडावरून तो पुरुष आहे, हे मी दरवर्षी शिकवते. त्याचं गाव कुठलं, घरी कोण होतं, कुणाला ठाऊक? आठवडाभर जिवाला चैन नव्हती.

मामा म्हणाले, "आपल्या रुद्रभूमीत बसवू की. जागा हाय तितं."

"तो आपल्यातला होता कशावरून, मामा? मुसलमान असला तर? जाळणाऱ्यांतला असला तर?"

"कुणाचा कळंना म्हणून टांगूनच ठिवायचा व्हय?"

समिती येण्याच्या आदल्या दिवशी आम्ही दोघांनी त्याला हुकावरून उतरवलं. पुढचं ठरेपर्यंत निदान स्टुलावर बसू दे, म्हटलं. पण तो बसेचना. कमरेत, गुडघ्यांत जाड तारा होत्या. बांधणाऱ्यानं त्याला कायमचा उभा केला होता.

मामांनी पक्कड पुढे केली. मी ती घेतली. गुडघ्याची तार पकडीत धरली, वर त्याच्या कवटीकडे पाहिलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "कापू का?"

मग खुळ्यासारखी मी थांबून राहिले.