सहा वाजताची प्रार्थना

आमच्या चर्चच्या मंडळीत तिला सगळे ‘गाठोडं’ म्हणतात. इस्त्रीच्या कपड्यांचं गाठोडं डोक्यावर नसताना तिला कुणी पाहिलेलंच नाही. उपासनेला शेवटच्या बाकावर बसते आणि निम्मा वेळ डुलक्या काढते. गाण्याचा तर आनंदच. एकदा हौसेने गायकांत उभी राहिली, तर पेटीवाल्या मास्तरांनी तिला भर तालमीत खाली बसवलं. आम्ही हसलो होतो. मीही.

त्याच मास्तरांना गेल्या वर्षी अर्धांगवायू झाला. घरात एकटा जीव. मी चर्चमध्ये रविवारचा बायबलचा वर्ग घेतो; त्या आठवड्यात तिथे विश्वास मोठा की कृती यावर तासभर बोललो. तारण विश्वासाने मिळतं, कामांचे ढीग रचून नाही. पण विश्वास खरा असला की काम हातून घडतंच, असं सांगितलं. चूक काहीच नव्हतं त्यात. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

वर्ग सुटल्यावर ती दाराशी थांबली होती.

“दादा, मी रोज सकाळी सहाला मास्तरांकडे जाते. अंग पुसते, चादर बदलते. पण माझा विश्वास तोकडा आहे हो. प्रार्थनेला बसलं की डोळाच लागतो. तेवढी प्रार्थना तुम्ही कराल?”

“करीन की. रोज सहाला,” मी म्हणालो. जिभेला काय हाड असतं? दुसऱ्या दिवशी सहाला मी घोरत होतो. आठवड्याभरात तर ते डोक्यातूनही गेलं.

आठ महिन्यांनी पाळकांनी मला मास्तरांकडे पेटीची किल्ली आणायला पाठवलं. सकाळची वेळ, दार उघडंच. मास्तरांना एका हाताने कुशीवर पेलून ती दुसऱ्या हाताने ओली चादर ओढत होती. मला पाहून तिचा चेहरा खुलला.

“मास्तर, हेच ते दादा. रोज सहाला आपल्यासाठी प्रार्थनेला बसतात. नाहीतर तुमचं वजन माझ्याच्याने उचललं असतं का?”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गप्प राहिलो असतो तर निभावलं असतं. तिने मला थोर समजावं असं त्या क्षणीही वाटत होतं, याची आज सगळ्यात जास्त लाज वाटते. पण मास्तरांचा चांगला हात कपाळाकडे निघाला होता, मला नमस्कार करायला. ते बघवेना.

“मी केली नाही,” मी म्हणालो. “एक दिवससुद्धा नाही.”

 तिने चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

“मग देवाने न मागताच दिलं म्हणायचं,” ती म्हणाली. “ते टोक धरा, दादा. माझा हात भरून आलाय.”

मी टोक धरलं. चादर गादीखाली कशी खोचायची, तेही तिलाच दाखवावं लागलं.