चांगुणामावशींचे उपाशी झॉम्बी

हातातला डाव टोपावर आडवा धरून चांगुणामावशी समोरच्या पोराला विचारायच्या, "तुज्या झॉम्बीनं आज काय खाल्लान?" उत्तर मिळाल्याशिवाय खिचडी ताटात पडायची नाही. मी त्या शाळेत रुजू झाले त्याच दिवशी हा प्रकार पाहिला आणि बाईचं डोकं जागेवर नाही, अशी माझी खात्री पटली.

शाळा रोह्यापासून पाच-सहा किलोमीटरवरच्या आदिवासी वाडीत. दोन खोल्या, चौथीपर्यंतचे वर्ग, एक गुरुजी आणि मी. मी पेणहून एसटीने यायचे. मुलांचा पोषण आहार शिजवायला चांगुणामावशी होत्या. त्या वाडीतल्या नव्हेत. माहेर आणि सासर दोन्ही पेणच्या खाडीकाठची, मिठागरावर राबणारी माणसं. नवरा गेल्यावर लहान मुलाला घेऊन रोह्याजवळ अष्टमी गावात भावाकडे आल्या आणि तिथंच राहिल्या. बुटक्या, काळ्यासावळ्या, आवाज असा की बोलल्या तर पहिलीच्या वर्गात सहज ऐकू जावं आणि हसल्या तर चौथीच्याही.

झॉम्बी आले मोबाइलमधून. वाडीतला एक तरुण डोलवीच्या पोलाद कारखान्यात कंत्राटी कामावर होता. सुट्टीला आला की त्याच्या फोनभोवती सगळी पोरं गोळा व्हायची. मग मधल्या सुट्टीत अख्खी शाळा मेलेली असायची. मान वाकडी, हात पुढे, एक पाय फरपटत. वाडीला स्वतःची भुतं काही कमी नव्हती, पण ही नवी कोरी भुतं पोरांना फार आवडली. त्यांनी त्यांना लगेच आपल्यातलं करून टाकलं. एका झॉम्बीकडे तहसीलमध्ये जातीचा दाखला मागितला, तेव्हा तो घाबरून परत मेला. दुसरा रेशनच्या रांगेत उभा होता, त्याचा अंगठाच उमटेना, कारण अंगठा वाटेत गळून पडला होता. मी गालातल्या गालात हसले होते, हे कबूल करते.

मावशींचा नियम एकच. गोष्ट कितीही भयंकर असो, झॉम्बीला उपाशी ठेवायचं नाही. "उपाशी ऱ्हायला का तो मागं लागनार. पोटात पडलं का जाईल गपचूप आपल्या घरी," असं त्या म्हणायच्या. त्यामुळे पोरांचे झॉम्बी भलतेच खादाड होते. कोणी अकरा अंडी खायचा, कोणी टोपलीभर सुकट. मावशी "बरा जेवला गो तुजा मुडदा!" म्हणत खिचडी वाढायच्या.

कुणाच्या ताटात डाव दोनदा का जातो, हे मी एकदा विचारलं. मावशी हळू आवाजात म्हणाल्या, "ज्याचा झॉम्बी रोज मटन खातो, त्याच्या घरची चूल कालपासून पेटलेली नसते. आन ज्याचा झॉम्बी दारातच उभा ऱ्हातो, आत जात नाय, त्या पोराला घरात जायाची भीती वाटते. पोरां खोटं कुठं बोलतात मॅडम?" मी याला मावशींचं ज्योतिष म्हणायचे. त्या हसायच्या. मला विनोद करायची सवय होती आणि त्यांना तो सोसायची.

तिसरीत रखमी नावाची मुलगी होती. किडकिडीत, डोळे मोठे, पाढे तोंडपाठ. दिवाळी दोन आठवड्यांवर आली होती तेव्हाची गोष्ट. रखमीचा झॉम्बी बाई होता.

"बसून ऱ्हाते. डोले उघडे. हाक मारली तरी बघत नाय," रखमी सांगत होती.

"खाते काय ती?" मावशींनी विचारलं.

"नाय."

"थोडी पेज?"

"तोंडच उघडत नाय, मावशे."

मावशींनी तिला वाढलं. दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट. तिसऱ्या दिवशीही तीच. चौथ्या दिवशी मावशी ओले हात पदराला पुसत माझ्या टेबलापाशी आल्या.

"मॅडम, रखमीच्या घरी चला. तिची आय आजारी हाय."

"ताप आहे का?"

"ताप असता तर लोकांना कललं असतं. मनाचं हाय तिचं." मग त्यांनी सगळं नीट सांगितलं. रोह्याच्या सरकारी दवाखान्यात महिन्यातून एका गुरुवारी मनाचे डॉक्टर येतात. पुढचा गुरुवार तोच आहे. दिवाळी झाली की रखमीच्या घरचे वीटभट्टीवर जाणार, मग पावसाळ्यापर्यंत कोणी सापडायचं नाही. "तुमी बोललात तर तिचा बाप ऐकंल. माजं कोन ऐकतो? मी भात शिजवनारी."

मी म्हटलं, "बघू." त्या आठवड्यात फोनवरून कसलीशी माहिती भरायची होती आणि रेंज फक्त शाळेमागच्या खडकावर यायची. मी खडकावर फोन उंच धरून उभी असायचे.

सोमवारी तपासणीला साहेब आले. ते फाटकातून शिरले तेव्हा अंगणात वीसेक मुडदे पाय फरपटत फिरत होते आणि मधोमध रखमी डोळे ताठ करून बसली होती. साहेबांनी तिला विचारलं, हे काय चाललंय? तिने आपली गोष्ट त्यांनाही सांगितली. साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, भुतंखेतं शिकवता होय मुलांना?" आणि त्यांनी वहीत शेरा मारला. अंधश्रद्धा असा शब्द होता त्यात.

माझा असा संताप झाला! सगळ्या पोरांसमोर, साहेबांसमोर मी मावशींना म्हटलं, "तुम्ही खिचडी वाढा. डॉक्टर व्हायचं राहू द्या. उद्यापासून शाळेत हे झॉम्बीबिंबी बंद."

मावशी "बरं मॅडम" एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी जेवणाची रांग चिडीचूप होती. ताट पुढे, खिचडी, पुढचा. रखमीही ताट घेऊन मुकाट निघून गेली. पोरांना शिस्त लागली म्हणून मला चक्क बरं वाटलं. हे लिहिताना मला लाज वाटते.

बुधवारी मावशी टोप घासत होत्या. मी हात धुवायला गेले. मान वर न करता त्या बोलू लागल्या.

"आमचं मालक गेलं तवा मी पन तशीच बसलेली. चार म्हयने. माजा किसन सात वर्साचा. शाळेत सांगायचा, आमच्या घरात हडल बसलीय, माज्या आयचा लुगरा नेसून. बाईंनी त्याला मारलान. खोटं बोलतो म्हून."

"मग?"

"मग काय, सांगायचा थांबला. आता कंपनीत हाय, शिफ्ट करतो, मना सांभालतो. गुनाचा हाय. पन माज्या तोंडाकडं बघून बोलत नाय अजून."

मी म्हटलं, "उद्या जाऊ आपण. दोघी जाऊ." मावशींनी राखेच्या हातांनीच मला नमस्कार केला.

आणि गुरुवारी मी गेले नाही. सकाळी निरोप आला, रोह्यात तातडीची बैठक, हजेरी सक्तीची. एक दिवस दांडी मारली असती तर फार तर नोटीस आली असती. पण आधीच्या शेऱ्याने मी धास्तावले होते. बैठक चालली होती ती इमारत दवाखान्यापासून दोन गल्ल्यांवर. तिकडे मावशी एकट्याच रखमीच्या घरी गेल्या. तिच्या बापाने त्यांना दारातच सांगितलं, मॅडम येतील तेव्हा बघू.

दिवाळीनंतर शाळा उघडली तेव्हा निम्मी वाडी भट्ट्यांवर गेली होती. रखमीचं घरही बंद होतं. कुठल्या भट्टीवर गेले, हे मी कुणाला विचारलं नाही. लांब कुठेतरी गेले असतील, असं धरून चालले. होळीनंतर बातमी आली की रखमीची आई भट्टीवरून चालत कुठे निघून गेली. शोधलं, सापडली नाही. त्या दिवशी मावशींनी खिचडी करपवली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

जूनमध्ये रखमी चौथीत आली. विचारलं तेवढंच बोलायची. मी सगळ्यांना गोल बसवून म्हटलं, "सांगा रे तुमच्या झॉम्बीच्या गोष्टी, मी रागावणार नाही." मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. मग एक जण उभा राहिला आणि हाताची घडी घालून त्याने पुस्तकातला धडा म्हणून दाखवला. कोपऱ्यात मावशी तांदूळ निवडत होत्या. माझ्यावर त्या कधीच चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर मला माफी मागता आली असती. मी वाट पाहत राहिले आणि ते राहूनच गेलं.

गेल्या माघात मावशी काविळीने गेल्या. आठ दिवसांत खेळ आटोपला. दहाव्याला कुंडलिका नदीच्या काठावर मी गेले होते. किसन विधीला बसला होता. थोड्या वेळाने वाडीतली माणसं आली, त्यात भट्टीवरून आलेले रखमी आणि तिचा बाप होते. तो माझ्याशेजारी उकिडवा बसला आणि आपणहून बोलू लागला.

"मावशी दर रविवारी यायची भट्टीवर. डबा घेऊन. रखमीच्या आयला हातानं भरवायची. तिच्याच हातचं खायची ती. दोन शब्द बोलाया पन लागलेली. मंग मावशीला मलेरिया झाला, दोन रविवार आली नाय. त्यातच ती गेली चालत."

मलेरियाची रजा सोडली तर मला यातलं काहीही माहीत नव्हतं. मावशींनी कधी सांगितलं नव्हतं. मी विचारलं, "कुठं होती भट्टी?"

"पेनच्या अलीकडं. हायवेला लागूनच," तो म्हणाला. "तुमची एसटी दिसायची ना रोज सकालची. रखमीची आय दारात बसलेली असायची. एसटी आली का रखमी तिला उठवून रस्त्यावर आनायची आन हात करायची. मॅडमला दिसलो तर उतरतील, बोलायची."

रखमी पलीकडे नदीकडे तोंड करून उभी होती. मी तिला हाक मारली. तिने वळून पाहिलं.