फुगणं म्हणजे फुगणं

नारीन नदीकडच्या कुरणांवर कानिशायचा हात लागला नाही असं जनावर विरळाच. बापाबरोबर मेंढरांमागे वाढलेली. पोटात आडवं आलेलं कोकरू डोळे मिटून फिरवायची. पण गावच्या गुरांच्या डॉक्टरची जागा हवी तर कागद हवा, म्हणून त्रेचाळिसाव्या वर्षी बाई कॉलेजात गेली. एका वर्षी पेपरात प्रश्न आला, गाईचं पोट फुगण्याचे प्रकार लिहा. हिनं लिहिलं, ‘फुगणं म्हणजे फुगणं. डाव्या कुशीत सुरी घालावी.’ झालं! एशिमकुल मास्तरांनी, सगळे त्यांना आगाय म्हणत, ते वर्गात मोठ्यानं वाचलं आणि तिला नापास केलं. मेल्यांनी हसून हसून बाकं बडवली. त्या रागापायी तिनं अख्खा हिवाळा आगायनीच लिहिलेलं पुस्तक घोकून काढलं.

पुढच्या वर्षी शेवटची संधी. परीक्षेला खरंच आजारी जनावर मिळायचं. तिच्या वाट्याला आली बुरुल आपा या म्हातारीची गाय. पहाटे दवात भिजलेला लसूणघास हादडून ती ढोलासारखी फुगली होती.

कानिशायनं तोंडातून नळी घातली. वारा नाहीच, नुसत्या फेसानं नळी तुंबली. हात सवयीनं कमरेच्या सुरीकडे गेला.

"घाल की गं!" आपा रडत ओरडली. "तुझ्या बापानं केव्हाच घातली असती!"

"बापाच्या हातून अशीच एक मेली, आपा. का मेली ते आत्ता कळतंय मला. आत फेस आहे, तो भोकातून येत नाही. फेस मोडायला तेल आण, स्वयंपाकाचं!"

परीक्षा घ्यायला उभ्या असलेल्या आगायनी मदतीला म्हणून गाईचं तोंड पार आभाळाकडे उचललं.

"अहो, खाली घ्या! फुफ्फुसात तेल गेलं तर मरेल ती! मान सरळ धरा!"

आगायनी मान सरळ धरली. तेल पोटात गेलं. कानिशाय कूस चोळत राहिली, गाईला फिरवत राहिली. आणि मग गाईनं असा ढेकर दिला की अंगणातल्या कोंबड्या पळाल्या.

"सुटले गं बाई!" म्हणत कानिशाय शेणातच बसली. हसत होती आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"पास," आगाय म्हणाले. "पण मान कशी धरायची ते माझ्या पुस्तकात नाही. तेवढं लिहून दे."

"परत लिहायचं? त्यापेक्षा नापास करा!"

लिहिलं मात्र तिनं. आता दरवर्षी आगाय ती ओळ वर्गात मोठ्यानं वाचतात, आणि कोणी हसत नाही.