वडिलांचं नामस्मरण

माझे वडील देवळात जायचे ते पारावर बसून तंबाखू मळत गप्पा हाणायला. आरती सुरू झाली की चप्पल शोधायला लागायचे. असा बडबड्या माणूस मागच्या वर्षी एकाएकी गप्प झाला. मला, पोटच्या पोरीला, ओळखेना. गावाकडून, कन्नडहून, त्यांना आणि आईला शहरात उस्मानपुऱ्यात माझ्या घरी आणलं. एमआरआयमध्ये मेंदूच्या कडेनं पांढरे पट्टे दिसले. मेंदू झिजत चाललाय, यावर औषध नाही, घरी नेऊन सेवा करा, असं डॉक्टरांनी सांगितलं.

मग वडिलांचे ओठ हलायला लागले. आवाज नाही, नुसते ओठ. आईनं हात जोडले. "नाव घ्यायलेत देवाचं."

भेटायला येणारे पाया पडू लागले. आत्या म्हणाली, "लई भाग्याचा हाय माझा भाऊ. असं मरण कुणाला मिळतं?" मला चीड आली. मला भाग्यवान वडील नको होते, माझ्यावर खेकसणारे हवे होते.

त्याच रागात मी त्यांना दुसऱ्या डॉक्टरबाईंकडे नेलं. त्या फिल्म बघता बघता थांबल्या आणि वडिलांच्या ओठांकडे बघत राहिल्या. "हे कधीपासून?"

"नामस्मरण हाय ते," आई म्हणाली.

बाईंनी डोक्याला वायरी लावून ईईजी काढला. मेंदूत फिट चालू होती, थांबतच नव्हती; ओठ हलत होते ते त्यामुळंच. हातपाय झाडले, तोंडाला फेस आला, तरच फिट, एवढंच आम्हाला ठाऊक. ते पांढरे पट्टेही फिटमुळेच उठले असणार, म्हणजे हा आजार औषधानं आटोक्यात येण्यासारखा आहे, असं बाई म्हणाल्या. मी भिंतीला टेकून पोटभर रडले.

सलाइनमधून औषध सुरू झालं. ओठ थांबले तेव्हा आई घाबरली, तिला वाटलं सगळं संपलं. पण काही दिवसांनी वडिलांनी माझ्याकडे नीट बघितलं. "तू कवा आली? चहा टाक की." दवाखान्यात कुठून टाकणार चहा? तरी मी उठले.

पुढच्या एमआरआयमध्ये पट्टे जवळजवळ नव्हतेच. आता वडील घरी आहेत, गोळ्या चालू आहेत. तंबाखू चघळताना ओठ हलले की आई हातातलं काम टाकून समोर येते. "काय म्हणता? मोठ्यानं बोला."

"काय नाय. मेथी महाग झाली म्हणतोय."

तेवढं ऐकलं की ती पुन्हा भाजी निवडायला बसते.