वाटीतले चार दाणे

तारीख: १९७२ सालच्या संक्रांतीनंतरचा पहिला रविवार. रक्कम: दहा रुपये, एकेकाच्या दहा नोटा. हजर: मी, माझी बायको, आमची तेरा वर्षांची मुलगी आणि कलकत्त्यात बागबाजारच्या एका गच्चीवर आनंदमेळ्यासाठी जमलेली इथली मराठी कुटुंबं. दहा रुपये मुलीचे स्वतःचे होते. पुण्याच्या आत्याने पाठवलेले, कॉलेज स्ट्रीटवरचा एक जुना पृथ्वीगोल घेण्यासाठी साठवलेले. ते तिने बक्षीस म्हणून लावले होते, आणि ते कुणालाही द्यावे लागणार नाहीत याची तिला खात्री होती.

मेळ्यात वड्यांचा स्टॉल होता, भेळेचा होता, रिंगा टाकून साबण जिंकण्याचा होता. मुलीच्या टेबलावर पुठ्ठ्याची पाटी होती: ‘दहा मिनिटं देव व्हा. चार आणे. सगळी माणसं वाचवणाऱ्यास दहा रुपये.’ चार आणे मेळा भरवणाऱ्या मंडळाच्या डब्यात जायचे.

खेळ तिचा, आकडे माझे. टेबलाच्या मधोमध निळी फीत, ती नदी. दोन्ही काठांवर वीस-वीस चिंचोके, ती माणसं. साधा चिंचोका म्हणजे कर्ता माणूस, पांढऱ्या ठिपक्याचा म्हणजे मूल, रेघेचा म्हणजे म्हातारं. साल दुष्काळाचं. देवाकडे ढग एकच, कापसाचा. तो ज्या काठावर ठेवाल तिथे अठ्ठावीस हरभरे पिकणार, दुसऱ्या काठावर बारा. माणशी एक हरभरा. नदीत कागदाची होडी, तिच्यातून देवाने हवे तेवढे हरभरे इकडून तिकडे न्यावेत. ज्याला हरभरा मिळणार नाही तो चिंचोका देवाने स्वतःच्या बोटांनी उचलून टेबलाखालच्या डब्यात टाकायचा. कोणता उचलायचा हे देवाने ठरवायचं. ‘स्वतःच्या बोटांनी’ ही अट तिची. त्यावर ती अडून बसली होती.

पहिल्या आराखड्यात चाळीस माणसं आणि चाळीस हरभरे होते. मी म्हणालो, ‘अगं, होडी नीट चालवली की सगळे वाचतील. दहा रुपये पहिल्या अर्ध्या तासात जातील.’ मग मीच सुचवलं की पीक आल्यावर प्रत्येक काठाने दोन हरभरे देवापुढच्या वाटीत नैवेद्य म्हणून ठेवावेत. उरले छत्तीस. कितीही होडी हाका, चार जण उपाशी. तिने ते बोटांवर मोजून पाहिलं आणि म्हणाली, ‘चारच. बरोबर आहे.’

चारच का, हे मी विचारलं नाही, कारण मला माहीत होतं. आधीच्या पावसाळ्यात शाळेच्या मुलींना सॉल्ट लेकला पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत दूध वाटायला नेलं होतं. हिच्या हातात पळी होती. दूध संपलं तेव्हा रांगेत चार जण उरले होते. घरी आल्यावर ती जेवली, अभ्यास केला, आणि झोपायच्या आधी मला विचारलं, ‘बाबा, रांग कोण लावतं?’ मी म्हणालो, लोक आपापले उभे राहतात. ते उत्तर तिला पटलेलं दिसलं नाही. त्यानंतर चार-पाच महिन्यांनी हा खेळ आला. सगळ्यांना पुरत नाही, देव असलात तरी पुरत नाही, हे तिला लोकांकडून खेळवून घ्यायचं होतं.

सुरुवातीलाच एका वयस्कर गृहस्थांनी पाटी वाचून कपाळाला आठ्या घातल्या. ‘देव व्हा म्हणजे काय? देव हा काय स्टॉल आहे?’

मुलगी म्हणाली, ‘आजोबा, चार आणेच आहेत.’

ते बसले. बसल्यावर त्यांना उठवेना. दहा मिनिटं ढग हातात धरून ते फक्त विचारत राहिले, ‘या काठावर ब्राह्मण किती?’ तसली काही खूण नाही असं तिने सांगितल्यावर ‘मग ठरवायचं कसं?’ म्हणाले आणि वेळ संपली.

मी बाजूला स्टूल घेऊन बसलो होतो ते पैशांवर लक्ष ठेवायला, पण डब्याकडे माझं लक्ष फारसं राहिलं नाही. ऑफिसात ज्या माणसांबरोबर मी वर्षानुवर्षं डबा खाल्ला होता ती इथे निराळीच वागत होती. आमच्याकडचे एक डॉक्टर बसले. ढग, होडी, सगळं मिनिटभरात उरकून त्यांनी रेघेचे चार चिंचोके सटासट उचलले. सरळ हिशेब, मला पटला. अर्ध्या तासाने वडा खातखात ते परत आले आणि हळूच विचारलं, ‘त्या रेघवाल्यांत बायका किती होत्या?’ माझी बायको बसली तेव्हा तिने एकही म्हातारं उचललं नाही, चार साधे उचलले. मी म्हटलं, ‘अगं, कर्ती माणसं घालवलीस!’ ती म्हणाली, ‘कर्ती माणसं तशीही दिवसभर घराबाहेरच असतात. पोरं कोण सांभाळतं?’ आजूबाजूच्या बायका हसल्या आणि मला हसावं लागलं.

खालच्या मजल्यावरचे बंगाली शेजारी वर आले होते, तेही बसले. त्यांनी चार चिंचोके उचलले, पण डब्यात न टाकता कोटाच्या खिशात घातले. हिंदीत म्हणाले, ‘मेले कशाला? कलकत्त्याला गेले.’

मुलीने त्यांना बंगालीत विचारलं, ‘तिथे त्यांना खायला कोण घालणार?’

त्यांनी खिशातले चिंचोके काढून परत टेबलावर ठेवले. डब्यात मात्र टाकले नाहीत. बक्षीस मागितलं नाही, खाली निघून गेले.

बँकेच्या मॅनेजरांची बायको दुपारीच एकदा खेळून गेली होती. वर्षभरापूर्वी नागपूरहून बदलून आलेलं जोडपं. बाईंचा आवाज खणखणीत, बाजारात कोबीचा भाव दोनदा उतरवल्याशिवाय पिशवी उघडायच्या नाहीत. पहिल्या खेळात त्यांनी दोन या काठाचे, दोन त्या काठाचे असे चार उचलले. ‘मागून भांडण नको,’ म्हणाल्या. मग भेळेचा द्रोण घेऊन टेबलाशेजारी उभ्या राहिल्या आणि सात-आठ जणांचे खेळ पाहिले. शेवटी द्रोण ठेवून पदराला हात पुसले.

‘पोरी, मी पुन्हा बसते. पैसे आमचे हे देतील.’

त्यांनी ढग ठेवला. अठ्ठावीस आणि बारा. दोन-दोन हरभरे वाटीत गेले. त्यांनी वाटी स्वतःपुढे ओढली, डोळे मिटले, हात जोडले, बोटाने वाटीभोवती पाणी फिरवल्यासारखं केलं. मुलांना वाटलं, बाई नक्कल करतायत.

‘झाला नैवेद्य,’ त्या म्हणाल्या आणि वाटी होडीत रिकामी केली.

‘काकू! ते देवाचे आहेत,’ मुलगी म्हणाली.

‘देव कोण आहे आत्ता?’

‘तुम्ही.’

‘मग मी जेवले. पोट भरलं माझं. तुझ्या घरी नैवेद्य दाखवल्यावर वाटीचं काय करतात गं? तशीच ठेवतात, मुंग्या लागेपर्यंत?’

शेजारच्या स्टॉलवर तिळाचे लाडू विकणारी माझी बायको मोठ्याने हसली. ‘अगंबाई! आणि आम्ही मायलेकींनी सकाळी नैवेद्याचा शिरा खाल्लाय!’

‘पण नियमात नाहीये,’ मुलगी म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता.

‘भाऊजी, वाचा तुमचे नियम.’

मी कागद काढला. अक्षर माझंच. ‘प्रत्येक काठाने दोन दाणे देवापुढच्या वाटीत ठेवावेत.’ पुढे त्या वाटीचं काय होतं ते लिहिलेलं नव्हतं. आमच्या घरात रोज नैवेद्य होतो आणि रोज आम्ही तो खातो, पण कागदावर आकडे मांडताना मी वाटीत गेलेले चार दाणे संपले असं धरून चाललो होतो. दुपारपासून जे देव होऊन गेले त्यांतल्या एकालाही ते खटकलं नव्हतं. सगळे रोज नैवेद्य खाणारेच.

आता सगळे माझ्याकडे पाहत होते, मुलगीही. ‘नियमात नाही’ म्हणून मला बाईंना परत पाठवता आलं असतं, आणि पृथ्वीगोल घरी आला असता. पण मी हिशेब तपासणीच्या खात्यातला माणूस. जी रक्कम जमेला दाखवली आणि खर्ची कुठेच पडली नाही ती शिल्लक असते, हे मी गेली वीस वर्षं लोकांच्या वह्यांवर लाल पेनाने लिहीत आलो आहे.

‘चार दाणे शिल्लक आहेत,’ मी म्हणालो. ‘ज्याच्या ताब्यात आहेत त्याने ते द्यायला हरकत नाही.’

बाईंनी होडी फिरवली. अठ्ठावीसच्या काठावर वीस राहिले, आठ पलीकडे गेले. मुलीने दोन्ही काठ एक-एक करून मोजले. चाळीस चिंचोके, चाळीस हरभरे. डबा रिकामा होता. मुलांनी टाळ्या वाजवल्या आणि मॅनेजर वड्यांच्या स्टॉलवरून ओरडले, ‘काय, मिळालं का काही? आज माझा पगार वाचला!’

मुलगी रडेल असं मला वाटत होतं. ती टेबलावरची रिकामी वाटी हातात धरून बसली होती.

‘बाबा,’ ती म्हणाली, ‘त्या दिवशी सॉल्ट लेकला पण वाटी होती.’

‘कसली?’

‘लोटा होता. आमच्या चहासाठी दूध आधीच काढून ठेवलं होतं, मागच्या बाकावर. वाटप झाल्यावर आम्ही चहा घेतला. मी पण घेतला.’

मी विचारलं, ‘केवढा लोटा?’

तिने हाताने दाखवला. मग म्हणाली, ‘चौघांना झालं असतं. मला वाटायचं की नव्हतंच.’ असं म्हणताना तिचा चेहरा दुःखी नव्हता. गणित कुठे चुकलं ते सापडल्यावर असतो तसा होता. मला तर वाटलं की ती आता बाईंना आणखी काही विचारणार, आणि तिने विचारलंच.

‘काकू, तुम्ही पहिल्यांदा खेळलात तेव्हा का नाही काढले वाटीतले?’

‘तेव्हा मी देव झाले होते ना,’ बाई म्हणाल्या. ‘नंतर उभी राहून तुमच्याकडे बघताना स्वयंपाकघरातली झाले.’

मुलीने पाकिटातून दहा नोटा काढल्या, मोजल्या आणि पुढे केल्या. बाईंनी हात पुढे केल्यावर मात्र तिने त्या मागे घेतल्या.

‘काकू, दुसऱ्या खेळाचे चार आणे राहिलेत. काका आलेच नाहीत.’

‘हिशेबनीसाची पोर गं बाई!’ बाई खो-खो हसल्या. ‘घे कापून.’

सुटे माझ्याकडे होते. एका नोटेच्या बदल्यात मी चार-चार आण्यांच्या तीन पावल्या मुलीच्या तळहातावर ठेवल्या आणि चौथी तिच्या देखत डब्यात टाकली. दिले ते असे: मॅनेजरांच्या बायकोला नऊ रुपये पंचाहत्तर पैसे, आणि मंडळाला पंचवीस पैसे.